ऐंशी खुर्च्या आणि चार अटी

चष्मेवाल्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं तेव्हा घरात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण वाईट वाटायला सवडच मिळाली नाही. एकोणपन्नास वर्षं ज्या माणसाने अख्ख्या गावाच्या नाकावर चष्मे बसवले, त्याच्यासाठी निदान एक समारंभ व्हायला हवा, असं त्यांच्या थोरल्या बहिणीचं म्हणणं पडलं. आत्याबाईंचं म्हणणं एकदा पडलं की ते नुसतं पडून राहत नसे, घरभर फिरत असे. दोन दिवसांत वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह ठरलं, चहा-खाण्याचं ठरलं, आणि मग सगळं घोडं खुर्च्यांपाशी येऊन अडलं.

सभागृहात खुर्च्या ऐंशी. एक्क्याऐंशीवा माणूस आत सोडायचा नाही, आग लागली तर जबाबदार कोण, असं तिथल्या रखवालदाराने बजावून सांगितलं. घरच्यांना धरून ऐंशी का, असं आत्याबाईंनी विचारलं, तर तो म्हणाला, घरची माणसं काय हवेत बसतात?

यादी करायचं काम धाकट्या सुनेकडे आलं. ती एका कंपनीत नाटकांच्या तिकिटांचे प्रोग्राम लिहीत असे, म्हणजे माणसं आणि खुर्च्या यांची जोडी लावणं हा तिचा रोजचाच धंदा, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. घरात तिला धाकटीच म्हणत. तिने सासूबाईंची जुनी पत्त्यांची वही घेतली, आत्याबाईंनी पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेली नावं घेतली, थोरल्या जावेच्या फोनमधली घेतली आणि नवऱ्याने आठवून आठवून सांगितली तीही घेतली. सगळी मिळून एकशे एक्काहत्तर झाली. ती तिने संगणकात घातली आणि क्षणात एकशे त्रेचाळीस झाली.

अठ्ठावीस माणसं गेली कुठे, म्हणून आत्याबाई दचकल्या. धाकटीने समजावलं की हा संच आहे, शाळेत गणितात असायचा तसा, आणि संचात एक नाव एकदाच राहतं. दातांचे डॉक्टर तिघांच्या यादीत होते, आता ते एकदाच आहेत. आत्याबाईंना ते पटलं. डॉक्टरांना तिप्पट मान द्यायचं तसंही काही कारण नव्हतं.

तरीही त्रेसष्ट माणसं जास्त होती. कुणाला गाळायचं यावर जेवणाच्या टेबलाशी दोनदा वाजलं आणि तिसऱ्या वेळी वाजायच्या बेतात असताना सासरे मध्ये पडले. एरवी ते घरातल्या गोष्टींत पडत नसत. दिवसभर काचा घासून आलेल्या माणसाला घासाघीस नकोशी होते.

"नावानिशी कुणालाही काढायचं नाही," ते म्हणाले. "मी उद्या रस्त्यात त्याच्याकडे बघायचं कसं? नियम सांगा. नियमात जो सापडेल तो जाईल, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना."

सख्खा भाऊ त्यांना नव्हता, एवढं सोडलं तर वाक्य चोख होतं.

धाकटीला ते फारच आवडलं, कारण तिच्या कामात हे एका ओळीचं काम होतं. संचाला एक अट द्यायची. तो प्रत्येक नावाला तेवढा एक प्रश्न विचारणार, उत्तर हो आलं की ते नाव बाहेर, नाही आलं की आत. मात्र विचारायचं तर नावांपुढे काही माहिती हवी. म्हणून तीन संध्याकाळी सगळे बसले आणि एकशे त्रेचाळीस नावांपुढे तक्ता भरला: वय किती, घरी शेवटचं कधी आले, दुकानाच्या नंबरवहीत नाव आहे का, समारंभाला येणार का म्हणून फोनवर विचारलं त्याला उत्तर दिलं का. दुकानाची नंबरवही म्हणजे ज्याचे डोळे तपासले त्याचं नाव, जन्मतारीख आणि चष्म्याचा नंबर लिहिलेलं जाडजूड बाड होतं. ते बाड उघडं पडल्यावर काम थोडं आणि चर्चा फार झाली, कारण कोण किती वर्षांचं आहे हे त्यात जन्मतारखेसह लिहिलेलं होतं. धाकटी मात्र मान खाली घालून भरत गेली.

पहिली अट आत्याबाईंनी सगळ्यांसमोर घातली. जो तीन वर्षांत या घराची पायरी चढला नाही, तो बाद. अट रास्त होती. धाकटीने ओळ लिहिली, बटण दाबलं आणि उरलेली यादी आत्याबाईंच्या हाती दिली. आत्याबाईंनी कागद लांब धरून पहिलं नाव वाचलं आणि कागद खाली ठेवला. ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले होते.

झालं असं होतं की कंपनीत धाकटी रोज जी ओळ वापरी ती अटीत बसणाऱ्यांना ठेवून घेणारी होती, आणि इथली ओळ अटीत बसणाऱ्यांना काढणारी. सवयीने तिने अट उलटी लिहिली होती. त्यामुळे घरी येणारे सगळे गळाले होते आणि तीन वर्षांत न फिरकलेले एकतीस लोक मानाने आत बसले होते, वारलेल्यासकट. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. वहीतलं त्यांचं नाव खोडायचं राहून गेलं, असं त्या म्हणाल्या. धाकटीने जीभ चावली, अट सुलटी केली, आणि एकशे बारा उरले.

आत्याबाईंनी नवी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग खालपासून वर पाहिली. त्यांचा चेहरा पाहून धाकटीच्या मनात पहिल्यांदा शंका आली, की ही अट एकतीस जणांसाठी नव्हतीच, ती एकाच माणसासाठी होती आणि तो एक नेमका आत राहिला होता.

तो माणूस म्हणजे सासूबाईंचा भाऊ, घरातल्या मुलांचा मामा. गावभर त्यांना भोंगामामा म्हणत. माणूस मनाने निर्मळ, पण दहा माणसं आणि एक उभं राहायची जागा दिसली की त्यांना भाषण सुटे. चारही याद्यांपैकी त्यांचं नाव फक्त सासूबाईंच्या वहीत होतं, यावरून काय ते समजावं. आत्याबाईंच्या सत्तरीच्या वाढदिवशी, त्या शाळेत दोनदा नापास झाल्या होत्या आणि तरी कशा खचल्या नाहीत, हे त्यांनी पाहुण्यांना गहिवरून सांगितलं होतं. थोरलीच्या शिवणवर्गाच्या उद्घाटनाला ते कात्री हातात धरून पन्नास मिनिटं बोलले. कात्री त्यांच्याच हातात, त्यामुळे फीत कुणालाच कापता येईना. धाकटीचा नवरा भूगोलाचा शिक्षक. त्याच्या शाळेत त्यांनी मुलांसमोर त्याला एका नदीची लांबी चुकीची आहे म्हणून टोकलं, आणि घरी येऊन पाहिलं तर ती खरंच चुकीची होती. ते विसरणं तर त्याला आणखीनच अवघड गेलं.

तर आत्याबाईंनी अट घातली आणि हे विसरल्या की मामांचा त्रास ते येत नाहीत हा नसून, दर रविवारी येतात हा आहे.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीला घरात एकटीने वावरणं कठीण झालं. सकाळी ती कपडे वाळत घालत होती तेव्हा थोरली चिमटे द्यायला आली. थोरलीने आजवर तिला चिमटे दिले नव्हते, काढले होते. सभागृह वरच्या मजल्यावर आहे, जिना उभा आहे, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे जातील, तेव्हा सत्तरीच्या वरच्यांना वगळावं, असं तिला अगदी त्यांच्या काळजीपोटी वाटत होतं. मामा बहात्तर वर्षांचे आहेत हे ते स्वतःच सगळीकडे सांगत असत. हे कुणाला बोलू नकोस हं, असं म्हणून थोरली उरलेले चिमटे बादलीत टाकून गेली.

नवरा संध्याकाळी आला. त्याने आधी स्वतःच हात मारून पाहिला होता. बायकोची ओळ पाहून त्याला वाटलं, यात काय आहे, एकेक नाव घेत जायचं आणि नको ते तिथल्या तिथे उडवायचं. चौथ्या नावाला प्रोग्राम बंद पडला आणि लाल अक्षरात काहीतरी म्हणाला. धाकटीने सांगितलं की तू रांगेतली माणसं मोजतोयस आणि मोजता मोजता त्यांना रांगेतून ओढतोयस, मग मोजणाऱ्याने पाय कुठे ठेवायचा? आधी अट द्यायची, मग काढायचं काम संचालाच करू द्यायचं. नवऱ्याने मान डोलावली आणि अट सांगितली: ज्याने येणार का या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, तो बाद. मामांना फोनवर टंकायचा कंटाळा, असं तो धरून चालला होता. हे आपल्यातच राहू दे, असंही तो म्हणाला.

आत्याबाई दोन दिवसांनी पुन्हा आल्या, दार लोटून. या वेळी त्यांनी नीट विचार केला होता. समारंभ दुकानाचा आहे ना, मग ज्याने दुकानातून चष्माच केला नाही त्याचं तिथे काय काम? नंबरवहीत नाव नसेल तो बाद. भोंग्याला माझा भाऊ चष्मे फुकट देत आलाय, फुकटाची नोंद कोण करतं, असा त्यांचा हिशेब.

धाकटीने तिन्ही अटी लिहून घेतल्या आणि कुणी पाहत नसताना एकेक चालवून पाहिली. मूळ संचाला तिने हात लावला नव्हता. दर वेळी ती त्याची नक्कल काढी आणि अट त्या नकलेवर चालवी, कारण काढलेला माणूस कोण होता हे संच नंतर सांगत नाही. प्रत्येक वेळी तिने एकच नाव शोधलं, आणि प्रत्येक वेळी ते आतच होतं. नंबरवहीत मामा सतरा वेळा होते. जन्मतारखेप्रमाणे ते अडुसष्टचे होते. आणि प्रश्नाला सगळ्यात आधी उत्तर त्यांनीच दिलं होतं, चार मिनिटांत, आठ ओळींच्या कवितेत.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. का सांगितलं नाही असं विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मला कुणी विचारलंच नाही. पण खरं कारण असं की तिघंही आपापल्या जागी इतकी निवांत दिसत होती, सुंठीवाचून खोकला गेल्यासारखी, की त्यांची झोपमोड करायचं तिच्या जिवावर आलं. दुसरं म्हणजे तिला एक गोष्ट करून पाहायची होती. ती तिने शनिवारी करून पाहिली, आणि संगणकासमोर बसून ती एकटीच इतकी हसली की सासूबाई काय झालं ते बघायला आल्या. त्यांनी पडद्यावर पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"उद्या जेवताना वाच," त्या म्हणाल्या. "तो असेलच."

तुमची काही अट आहे का, असं धाकटीने त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, मला कसली अट, मी आपली बघतेय.

रविवारी सगळे जेवायला बसले. मामा होतेच. ते आमटीचं कौतुक तिसऱ्यांदा करत असताना सासऱ्यांनी यादीचं काय झालं ते विचारलं. धाकटीने कागद काढला. एकंदर चार अटी आल्या, असं तिने सांगितलं. कुणी कुठली घातली हे ती बोलली नाही. चारांपैकी एका जरी अटीत जो सापडला, तो गेला.

"मग किती उरले?" सासऱ्यांनी विचारलं. "ऐंशीत बसतात ना?"

"बसतात," धाकटी म्हणाली. "एकच उरलाय."

एकशे त्रेचाळीसमधून एक, असं तिने पुन्हा सांगितलं, आणि नाव वाचलं.

मामांनी आधी मागे वळून पाहिलं, आपल्या नावाचा दुसरा कुणी आलाय का ते बघायला. मग त्यांनी घास खाली ठेवला, हात पुसले आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढ्या माणसांतून नियमाने पारखून एकटा मीच, असं ते म्हणाले, आणि खुर्ची मागे सरकवून उठू लागले. सासूबाईंनी त्यांची बाही धरून खाली बसवलं.

आता खरी पंचाईत झाली. मामा कसे राहिले हे तिघांनाही विचारायचं होतं, आणि मामांसमोर तेच विचारता येत नव्हतं. शेवटी आत्याबाईंनी स्वतःचंच विचारलं. मी का नाही? धाकटीने कागदावर बोट ठेवून सांगितलं की आत्याबाई चौऱ्याहत्तरच्या, म्हणून सत्तरीच्या अटीत सापडल्या. शिवाय नंबरवहीत त्यांचं नाव नाही, म्हणून त्याही अटीत सापडल्या. सत्तरीची अट कुणी घातली, असं आत्याबाईंनी टेबलावरून नजर फिरवत विचारलं, तेव्हा थोरलीला ताटातल्या मिठात फार रस वाटू लागला. थोरली स्वतः उत्तर न दिल्यामुळे गेली होती. घरच्या कुणीच उत्तर दिलं नव्हतं, घरच्यांनी कशाला द्यायचं? त्यामुळे ही अट घालणारा धाकटीचा नवराही गेला होता. आणि सासरे एक्काहत्तर वर्षांचे, म्हणजे ज्यांचा समारंभ त्यांनाही जिना चढायची बंदी.

"पण मामा बहात्तरचे ना?" थोरलीच्या तोंडून निसटलंच.

"अडुसष्ट," मामा मोकळेपणाने म्हणाले. "बहात्तर सांगितलं की लोक बसायला जागा देतात."

सासऱ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि तिघांची तोंडं वाचायला त्यांना तक्ता लागला नाही. चार अटी, एक नेम, आणि नेम सोडून सगळ्यांना लागलेला. ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मामाही हसले, कशाला ते कळलं नसलं तरी. घरात हसू असताना आपण मागे राहणं त्यांना जमत नसे.

हसून झाल्यावर सासऱ्यांनी चष्मा चढवला.

"सूनबाई, मूळ यादी शाबूत आहे?"

शाबूत होती.

"मग आता माझी अट घे. ज्याचा नंबर मला वही न बघता आठवणार नाही, तो बाद."

ताटं उचलली गेली आणि टेबलावर एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला नंबरवही आली. धाकटीने नावं वाचायची, सासऱ्यांनी नंबर सांगायचा, थोरलीने वहीत ताडून बघायचं. पावाच्या भट्टीवाल्याचं नाव आलं. मायनस दोन, डाव्याला सव्वादोन, आणि पिठाच्या हातांनी पुसतो म्हणून दर वर्षी काचा ओरबाडलेल्या, असं ते न थांबता म्हणाले. थोरलीने वही पाहिली आणि मान हलवली. शाळेच्या मुख्याध्यापिका प्लस पावणेदोन, पण चष्मा नाकावर ठेवतात आणि बघतात त्याच्या वरून. टपालवाला मायनस साडेचार, लहानपणी त्याला झाडावर पानं सुटी सुटी असतात हे माहीतच नव्हतं. पहिला चष्मा घालून दुकानाबाहेर गेला आणि अर्धा तास झाडाखाली उभा राहिला. मामांचं नाव आलं तेव्हा ते म्हणाले, मायनस साडेतीन, सतरा चष्मे, त्यातले अकरा स्वतःच्याच बैठकीखाली मोडलेले.

दातांच्या डॉक्टरांपाशी ते थांबले. रोज भेटणारा माणूस, पण नंबर काही केल्या आठवेना. नाक आठवतंय, ते म्हणाले, फ्रेम त्यावर ठरत नव्हती. नंबर नाही. डॉक्टर गेले. एकेकाळी नात्यागोत्यात ज्यांना फार मान होता अशीही काही माणसं गेली, आणि एक भाजीवाली, जिला यादीत कुणी घातलं हेही कुणाला आठवत नव्हतं, ती दोन्ही डोळ्यांच्या पाव पाव नंबरासकट राहिली.

आत्याबाई या सगळ्या वेळात खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. माझी नजर घारीची आहे, मला कधी चष्मा लागला नाही, हे त्या वीस वर्षं सांगत आल्या होत्या. वहीत नाव नसल्याचा त्यांना अभिमान होता. धाकटीने त्यांचं नाव लागलीच वाचलं नाही. खाली सरकवलं, शेवटी ठेवलं, आणि शेवटी वाचावंच लागलं.

थोरली म्हणाली, या वहीत नाहीत.

"प्लस अडीच," सासरे म्हणाले. "दोन्ही डोळे. डाव्यात थोडा तिरका नंबर, अर्ध्याच्या आसपास."

आत्याबाई हळूच वळल्या.

"तू कधी तपासलेस माझे डोळे?"

"चौदा वर्षं वर्तमानपत्र कुठवर लांब धरतेस ते बघतोय. दर वर्षी हात थोडा पुढे जायचा. गेल्या वर्षी हात संपला, आणि तू ते खोलीत नेऊन दार लावून वाचायला लागलीस. तेव्हाच कळलं, समोरच्या चष्म्यांच्या दुकानात जाऊन आलीस."

आत्याबाईंनी पिशवीचा बंद सोडला. मग आतून चष्म्याचं एक घर काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यावर रस्त्यापलीकडच्या दुकानाचं नाव सोनेरी अक्षरात होतं. एरवी या नावाचा घरात उच्चारही होत नसे. आपण हा फक्त एकट्या असताना घालतो, असं त्यांनी सांगितलं.

"तुला अक्षरं मी शिकवली," त्या म्हणाल्या. "तुझ्यापुढे बसून तक्ता वाचताना मी अडखळायचं होय रे?"

सासऱ्यांनी घर उघडून चष्मा उजेडाला धरला, काच बोटांत फिरवली. उजव्याला पाव जास्त दिलाय, असं ते म्हणाले, म्हणून दुपारी तुझं डोकं दुखतं आणि आम्ही सगळे बोलणी खातो. उद्या सकाळी दुकानात ये. आत्याबाईंनी नाक वर केलं, पण चष्म्याचं घर परत पिशवीत ठेवलं नाही.

यादी चौऱ्याहत्तरवर थांबली. सहा खुर्च्या शिल्लक होत्या आणि आत्याबाईंच्या ओठांवर लगेच सहा नावं आली, पण सासऱ्यांनी हात वर केला. निमंत्रणं गेली. थोरली, धाकटीचा नवरा आणि आत्याबाई आठवडाभर एकमेकांशी आणि मामांशी इतक्या गोडीने वागत होते की मामांना वाटलं, एकटे उरल्यामुळे आपली पत वाढली.

इथे गोष्ट संपायची, पण सासूबाई भाजी घ्यायला गेल्या. तिथे दातांच्या डॉक्टरांची बायको भेटली, आणि निमंत्रण आलं नाही म्हणून जरा फुगलेली दिसली. सासूबाई खोटं बोलत नसत. त्यांनी जे होतं ते सांगितलं, की यांना ज्यांचे नंबर आठवले नाहीत, ते गळाले. याहून एक अक्षर त्यांनी जास्त सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी डॉक्टर पायरीवर उभे होते. बऱ्याच दिवसांत तपासले नाहीत, म्हटलं बघावं, असं म्हणाले. प्लस दीड निघाला. त्यांच्यामागे दुपारी सासूबाईंचे चुलतभाऊ आले, तीन वर्षांत घरी न फिरकलेले. मग जोडीजोडीने माणसं येऊ लागली. काहींना नंबर होता, काहींना नव्हता, एकाने तर तक्ता मुद्दाम चुकीचा वाचला आणि पकडला गेला. सासऱ्यांनी एकोणपन्नास वर्षांत दुकानासमोर रांग पाहिली नव्हती. ती दुकान बंद करायच्या पंधरवड्यात लागली.

आणि अट तर तीच होती. आठवतो तो राहतो. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी धाकटी मूळ संचाची नक्कल काढी, सासरे नव्याने आठवलेले नंबर सांगत, आणि यादी वाढत जाई. ऐंशी ओलांडली, शंभर ओलांडली, एकशे एकोणीसला पोचली. नियमाने गाळलेली माणसं नियमानेच परत येत होती आणि कुणाला काही बोलायची सोय नव्हती. तुम्ही हे त्यांना सांगितलंत का, असं आत्याबाईंनी एकदा भावजयीला रोखून विचारलं. मी फक्त विचारलं त्याचं उत्तर दिलं, असं सासूबाई म्हणाल्या आणि शेंगा सोलू लागल्या.

रखवालदार ऐंशीच्या वर एकही माणूस सोडेना. शेवटी समारंभ दोन खेपांत करायचा ठरला, चार वाजता एक आणि साडेसहाला दुसरा, आणि घरच्यांनी दोन्हींत बसायचं. आत्याबाई दारापाशी नावं वाचायला बसल्या होत्या. भावाने केलेला चष्मा नाकावर होता, आणि माणूस जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असतानाच त्या त्याच्या नावापुढे खूण करत होत्या. मामा पहिल्या खेपेत चाळीस मिनिटं बोलले. दुसऱ्या खेपेत तेच ऐकावं लागणार म्हणून घरचे मनाची तयारी करून बसले, तर दुसऱ्या खेपेत ते वेगळंच बोलले, पन्नास मिनिटं, आणि त्यात आत्याबाईंच्या समोरच्या दुकानाचीही गोष्ट होती. आत्याबाई दारातून आत आल्या. सगळ्यांना वाटलं, आता काही खरं नाही. पण त्यांनी फक्त एक खुर्ची ओढली आणि बसून ऐकलं, आणि लोक हसले तेव्हा मामांनी त्यांच्या नंबरात केलेली पावाची चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली.

दुकान मात्र ठरल्या दिवशी बंद झालं नाही. नव्याने आलेल्यांचे चाळीसएक चष्मे करायचे होते, ते करण्यात आणखी पाच आठवडे गेले. थोरलीने दुपारी दुकानात बसून नावं लिहून घेतली, धाकटीच्या नवऱ्याने शाळा सुटल्यावर चष्म्यांची घरं पुसली. शेवटच्या दिवशी शेवटचं गिऱ्हाईक दातांचे डॉक्टर होते. फ्रेम कानाला लागते म्हणून ते कुरकुरत होते. सासऱ्यांनी दांडी गरम केली, जराशी वाकवली, पुन्हा त्यांच्या नाकावर बसवून पाहिली, पुन्हा काढली, पुन्हा वाकवली. धाकटी त्यांना घरी न्यायला आली होती, ती बाकावर बसून राहिली. चौथ्या वेळी डॉक्टरांनी मान इकडेतिकडे हलवली आणि आता बरी आहे म्हणाले.